मसाई मारा–झांझिबार सहल : लस, सामान आणि रविवारची बैठक

सर्व सभासदांना नमस्कार,

ऑगस्टच्या सहलीची (केनियातले मसाई मारा अभयारण्य आणि टांझानियातले झांझिबार बेट) बैठक येत्या रविवारी संध्याकाळी 5 वाजता वाचनालयाच्या सभागृहात आहे. घरटी एकाने तरी यावे आणि पासपोर्टची झेरॉक्स आणावी.

पिवळ्या तापाची लस राहिली असेल, तर या आठवड्यातच घ्या. ती सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि दाखला 10 दिवसांनी लागू होतो. मूळ दाखला पासपोर्टसोबतच ठेवा. तो नसेल तर केनियाहून परतल्यावर विमानतळावरून थेट विलगीकरणात जावे लागू शकते, म्हणून पुन्हा पुन्हा सांगतो आहे.

• माराला छोट्या विमानाने जायचे आहे : माणशी 15 किलो, हातातली बॅग धरून. कडक सूटकेस नको, मऊ कापडी बॅगच आणा.
• प्लॅस्टिकच्या पिशव्या नकोत. केनियात 2017 पासून, टांझानियात 2019 पासून बंदी आहे. चकल्या-लाडू स्टीलच्या डब्यात भरा.
• मारात पहाटे चांगलाच गारठा असतो. स्वेटर, कानटोपी हवीच.
• झांझिबारच्या पाजे किनाऱ्यावर ओहोटीला पाणी फार दूर जाते. पोहायचे ते भरतीलाच. खडकांत सी अर्चिन नावाचे काटेरी समुद्री जीव असतात, रबरी बूट घाला.
• स्टोन टाउनमध्ये (झांझिबारचे जुने शहर) खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाला.