चिऊच्या आधारबद्दल

ती. बाबा व आई यांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "डिसेंबरात येताय, तर एका सकाळी जाऊन चिऊचं आधार काढून टाकू." मी नुसतं "बघू" म्हटलं आणि तुम्ही गप्प झालात. तेव्हापासून डोक्यात तेच आहे, म्हणून हे पत्र.

नियम वाचले. चिऊचा पासपोर्ट भारतीय, त्यामुळे आधार निघतं. जर्मनीत राहणाऱ्या आमच्यासारख्यांना आता 182 दिवस भारतात राहण्याची अटही नाही. पाचच्या आत ठसे नाहीत, बुबुळं नाहीत, फक्त फोटो आणि निळं कार्ड. पण चिऊ मार्चमध्ये पाचची होतेय. मग ठसे द्यायला पुन्हा खेप, पंधराव्या वर्षी आणखी एक.

खेपांचं एक वेळ जाऊ दे. मला आठवते ती आजी, रेशनच्या दुकानात. जन्मभर भांडी घासून झिजलेला अंगठा, मशीनवर लागेचना. पदराला पुसून पुन्हा ठेवला, मग दुसऱ्या हाताचा. दुकानदार म्हणाला, उद्या या. आजी घरी येऊन म्हणाली, "मी मीच आहे हे आता डबा सांगणार!" आपण हसलो होतो. आता नाही हसू येत.

तुम्ही विचाराल, जर्मनीत कसं चालतं? चालतं कुठलं, विचारलंच नाही कुणी! चिऊ मान धरायच्या आधी तिच्या नावानं पाकीट आलं, आत 11 आकडी कर-क्रमांक. कमाई शून्य, दात शून्य. तिथं हो-नाही म्हणायची सोयच नव्हती. आपल्याकडे ती आहे. सर्वोच्च न्यायालयानं 26 सप्टेंबर 2018 ला सांगितलं की मुलांच्या नोंदणीला आईवडिलांची संमती लागते, आणि आधार नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. पुढच्याच वर्षी कायद्यात आलं की अठरा पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत मूल ते रद्द करायचा अर्ज करू शकतं. म्हणजे निर्णय तिचा, हे कायद्यालाही कुठेतरी पटलेलं दिसतं. मग आत्ताच घाई कशाला?

"कार्ड असलं की ती इथलीच" असं तुम्ही म्हणालात, ते मात्र लागलं. बाबा, आधार हा नागरिकत्वाचा पुरावाच नाही. तिचं इथलेपण पासपोर्टात आहे, आणि तुमच्या मांडीवर.

तर डिसेंबरात नको. कायमचे परत आलो, तर पहिल्या आठवड्यात तुम्हीच तिला घेऊन जा, मी अडवणार नाही. पासपोर्ट मात्र लहान मुलांचा पाचच वर्षांचा असतो, तो संपत आलाय. त्याचा अर्ज मी इथूनच करतेय.

आई, तू बाबांची समजूत काढशील ना?

मागच्या बाजूला चिऊनं हिरव्या रंगात अंगठा उठवलाय, आजोबांसाठी. आणखी दोन फ्रीजवर आहेत, ते निघत नाहीयेत.

तुमची,
माई