वायुसेनेच्या तंत्रज्ञांच्या युद्धपदकांविषयी संरक्षणमंत्र्यांस खुले पत्र

माननीय संरक्षणमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली यांस,

स. न. वि. वि.

माझे वडील वायुसेनेत इंजिन फिटर होते. लोहगावच्या तळावर कॅनबेरा बॉम्बफेकी विमाने असत त्या काळात त्यांची बरीचशी नोकरी पुण्यातच झाली, आणि १९७१च्या युद्धात त्यांची रवानगी जामनगरला झाली. त्यांच्या पश्चात आमच्याकडे १९६५चे रक्षा मेडल आणि १९७१ची पश्चिमी स्टार व संग्राम मेडल ही पदके आहेत. त्यांच्या कडांवर वडिलांचे नाव कोरलेले आहे, पण त्या दिवसांत त्यांनी काय केले हे सांगणारा एकही कागद घरात नाही. विचारले की ते ‘नोकरीची पदके’ एवढेच म्हणत.

शौर्यपदकामागची कामगिरी राजपत्रात छापली जाते. १९७१ साली श्रीनगरवर लढताना कामी आलेले फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों, वायुसेनेचे एकमेव परमवीरचक्र विजेते, यांचा पराक्रम देशाला ठाऊक आहे, तो असायलाच हवा. वडिलांच्या पदकांसारखी युद्धकाळातील सेवेची पदके मात्र नेमणुकीच्या जागेवर आणि तारखांवर ठरतात, त्यांना मानपत्र नसते. संग्राम मेडल तर ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२ या काळात युद्धक्षेत्रात केलेल्या सेवेबद्दल देण्यात आले. म्हणून हवाई हल्ल्यांच्या छायेत रात्रभर इंजिने तपासणारा फिटर आणि कचेरीत बसलेला कारकून यांच्या छातीवर हे पदक सारखेच दिसते. कारकुनाचे काम मी कमी लेखत नाही, पण दोन्ही कामांची नोंद वेगळी हवी.

अशी नोंद ठेवण्याची शिस्त वायुसेनेला नवी नाही. उड्डाणापूर्वी इंजिन, सांगाडा, विद्युतयंत्रणा, शस्त्रे या प्रत्येक कामाचा तंत्रज्ञ फॉर्म ७०० वर, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या नोंदपत्रकावर, सही करतो आणि त्या सह्या पाहूनच वैमानिक विमान ताब्यात घेतो; म्हणजे विमान सुरक्षित असल्याची जबाबदारी नावानिशी घेतली जाते. आपल्या मंत्रालयाने जून २०२१ मध्ये युद्धविषयक अभिलेखांचे धोरण मंजूर केले असून, पंचवीस वर्षांहून जुने अभिलेख तपासून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवण्याची तरतूद त्यात आहे. या छाननीत मोहिमांच्या नकाशांना आणि सेनापतींच्या पत्रव्यवहाराला जागा मिळेलच, परंतु तळांवरील देखभाल-तुकड्यांच्या दैनंदिन नोंदी किरकोळ समजून बाजूला पडतील, अशी मला रास्त भीती वाटते.

तेव्हा या नोंदी जेथे शिल्लक असतील तेथे त्या जपण्याचा स्पष्ट आदेश आपण द्यावा. तसेच वारसाने अर्ज केल्यास पदकधारकाच्या युद्धकाळातील नेमणुका, तुकडी, विमानाचा प्रकार आणि पदकास पात्र ठरण्याचे कारण दर्शवणारा एक पानी सेवा-उतारा मिळावा, आणि तो पुण्यासारख्या ठिकाणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून मराठीतही मिळण्याची सोय व्हावी, ही विनंती.

आपला नम्र,
पुण्यातील एका दिवंगत वायुसैनिकाचा मुलगा