काळा पडदा आणि आमची वंशावळ

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला ‘लिनक्स सामान्यांसाठी नाही’ हा लेख वाचला. (लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच संगणक चालवणारी, पण फुकट मिळणारी प्रणाली.) लेखकमहाशयांनी स्वतः लिनक्स शेवटचे कधी उघडले, तेवढेही छापले असते तर बरे झाले असते. म्हणे काळ्या पडद्यावर कमांड टाइप कराव्या लागतात! मी निवृत्त लेखनिक, वय 71. माझ्या 4 जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर तीन वर्षे लिनक्स मिंट, म्हणजे लिनक्सचाच एक सोपा अवतार, आहे. काळा पडदा दिसतो तो बॅटरी संपल्यावर. सौ. रोज त्यावर अभंग ऐकते, तिला ते अजून विंडोजच वाटते. मराठीचे म्हणाल तर सेटिंगमध्ये मराठी कीबोर्ड निवडला की इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांची प्रमाण कळमांडणी, सुरू. हे पत्र तसेच टंकले आहे.

अडचण एकच आली. हयातीच्या दाखल्यासाठी आणलेले बोटाच्या ठशाचे यंत्र त्यावर चालले नाही. शेवटी मोबाइलला तोंड दाखवून काम झाले. त्या मोबाइलमधल्या अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सचाच गाभा आहे, हे लेखकांना कोणीतरी सांगा.

खरा त्रास झाला तो अशा लेखांवर वाढलेल्या जाणकारांचा. दिवाळीनंतर लॅपटॉपची बिजागरी तुटली म्हणून दुकानात दिला. बिजागरी, फक्त बिजागरी! परत घ्यायला गेलो तर मुलगा म्हणाला, “काका, आत काहीतरी भलतंच होतं, व्हायरस वाटला. फॉरमॅट मारून विंडोज टाकून दिलंय.” वर त्याचे 500 रुपये वेगळे. टाकले काय, तर चोरीचे विंडोज 10, ज्याचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 लाच संपला होता. आमच्या घराण्याची सात पिढ्यांची वंशावळ त्यात होती. दोन वर्षे गावोगाव फिरून, म्हाताऱ्यांना विचारून जमवलेली. निम्मी पेनड्राइव्हवर सापडली. उरलेली ज्यांनी सांगितली, त्यांतले दोघे आता नाहीत. बॅकअप ठेवायला हवा होता, हे मला माहीत आहे. कृपया ते कोणी कळवू नये.

मिंट पुन्हा मीच टाकले. पेनड्राइव्ह लावला, चहा होईपर्यंत काम आटोपले. एकही कमांड नाही.

जाता जाता, सोमवारच्या शब्दकोड्यात आडवा 14 आणि उभा 9 जुळतच नाहीत. गेल्या महिन्यातही हेच झाले होते.

आपला,
एक जुना वर्गणीदार, सातारा