रक्त जातंय कुठे?

गुहागर,
१४ जुलै २०२४

प्रिय सुलू,

परवा फोनवर तू विचारलंस, "अगं, अजून त्याच लोहाच्या गोळ्या? कारण सापडलं की नाही?" आणि मी 'रेंज जातेय' म्हणून फोन ठेवला. रेंज गेली नव्हती. घसा दाटून आला होता आणि ओटीवर सगळे बसले होते. आज रविवार आहे, सकाळपासून धो धो लागलाय, लाइट नाही. पडवीत बसलेय. पागोळ्यांचा आवाज इतका आहे की आतून हाक मारली तरी ऐकू येणार नाही. म्हटलं, आता सुलूला सगळं नीट लिहू.

आमची पाखाडी आठवते तुला? एस.टी.तून उतरल्यावर घरापर्यंत जांभ्याच्या एकशे बारा पायऱ्या. लग्न होऊन आले तेव्हापासून बाजाराची पिशवी घेऊन ती मी एका दमात चढायचे. आता विसाव्या-एकविसाव्या पायरीलाच छाती धडधडायला लागते आणि कानात गाज घुमते. मग मी मागे वळून उभी राहते, माडांच्या शेंड्यांवरून समुद्राकडे बघत, म्हणजे मागून येणाऱ्याला वाटावं की बाई समुद्र बघतायत. पुढचा थांबा फणसाखाली, त्यानंतर दगडी गडग्याला टेकून. हिमोग्लोबिन किती आहे ते रिपोर्टच्या आधी मला पायऱ्या सांगतात. तीन थांबे लागले तर दहाच्या वर, पाच लागले तर नऊच्या खाली. गेल्या आठवड्यात पाच लागले.

सुरुवात तुला अर्धवटच माहीत आहे. २०२१ च्या पावसाळ्यात मला कच्चे तांदूळ खायची सवय लागली. सवय कसली, ओढच. डबा उघडला की आधी मूठ तोंडात. शाळेत जातानाही रुमालात बांधून न्यायचे आणि मुलं कविता म्हणत असली की फळ्याकडे तोंड करून एकेक दाणा चावायचे. एकदा सासूबाईंनी पदराच्या गाठीत तांदूळ बघितले. "काय गो हे? भात नाही का घरात?" मला इतकी लाज वाटली की मी काही बोललेच नाही. शरीरातलं लोह फार कमी झालं की काहींना माती, बर्फ, खडू, कच्चे तांदूळ असं काहीबाही खावंसं वाटतं, हे मला दोन वर्षांनी कळलं. तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी ते लपवलं नसतं, आणि कदाचित तपासणीही लवकर झाली असती.

गणपतीनंतर वर्गात चक्कर येऊन पडले तेव्हा हिमोग्लोबिन ६.९ निघालं. बाईमाणसाला बारा तरी हवं. मग जो भेटेल तो बीट, खजूर, अळीव, गूळ-शेंगदाणे सांगायला लागला. सगळं खाल्लं. तिसऱ्या, कालवंही खाल्ली, त्यांत लोह पुष्कळ असतं म्हणून. पण सुलू, मला राग येतो तो "बायकांचं असतंच कमी" या वाक्याचा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्क्यांना रक्तक्षय होता. निम्म्याहून जास्त बायकांना आहे म्हटल्यावर लोकांना तो आजार वाटतच नाही, पाऊस-पाण्यासारखा वाटतो. कुणी विचारत नाही की हिचं रक्त गेलं कुठे.

मला पाळीत अंगावरून खूप जायचं, हे खरं. सोनोग्राफीत गाठी दिसल्या. रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या आणि डिसेंबरात गर्भाची पिशवी काढली. ते ऑपरेशन चुकीचं होतं असं मी म्हणत नाही, तेव्हा रक्त तिथूनही जातच होतं. पण पुढे बघणं तिथे थांबलं. सहा महिन्यांत ११.८ झालं, गोळ्या बंद केल्या, सगळे खूश. आणि २०२३ च्या ऑक्टोबरात पुन्हा ८.२. पाळी नाही, पिशवी नाही, तरी ८.२. तो कागद हातात घेऊन मी चिपळूणच्या स्टँडवर बसून होते, दोन गाड्या सोडल्या.

त्यानंतर चिपळूणलाच एक डॉक्टर मिळाल्या. तरुण आहेत, आपल्या विद्यार्थिनी शोभतील एवढ्या. त्यांनी पहिल्यांदा मला समजावून सांगितलं. फेरिटिन म्हणजे शरीरातल्या लोहाची कणगी. हिमोग्लोबिन म्हणजे रोज शिजणारा भात. कणगी तळाला गेली तरी काही दिवस चूल पेटत राहते, म्हणून नुसता भात बघून चालत नाही. माझं फेरिटिन ४ होतं. आणि मग त्या म्हणाल्या, "बाई, प्रश्न दोनच. लोह आत येत नाही, की आलेलं बाहेर जातं?"

आतापर्यंतची सगळी शोधाशोध त्या एका प्रश्नाची आहे. थॅलेसेमिया म्हणून रक्ताचा एक जन्मजात दोष असतो, त्याची तपासणी झाली, ते नाही. भातलावणीत अनवाणी चिखलात उभं राहणाऱ्या आपल्या माणसांना अंकुशकृमी पायाच्या कातडीतून शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. म्हणून शौच तपासलं, काही दिसलं नाही, तरी जंताचं औषध दिलं. गव्हातलं ग्लुटेन सोसत नसेल तर आतडं लोह घेत नाही, त्याचीही रक्ततपासणी झाली, ठीक निघाली. डिसेंबरात तोंडातून दुर्बीण घातली. जठरात हेलिकोबॅक्टर नावाचे जंतू सापडले, त्यांच्यामुळेही लोह शोषलं जात नाही. चौदा दिवस त्या गोळ्या घेतल्या, तोंड असं कडू झालं होतं की आमटी आणि चहा एकच लागायचं. मला वाटलं, सापडलं एकदाचं.

त्याआधी नोव्हेंबरात शिरेतून लोह दिलं होतं, एका बैठकीत १००० मिलिग्रॅम. जानेवारीत हिमोग्लोबिन ११.६, फेरिटिन ७८. तू म्हणालीस ना तेव्हा की आवाज बदललाय माझा? खरंच बदलला होता. पाखाडी मी एका थांब्यात चढत होते. रात्री पायांत जे किडे वळवळल्यासारखं होतं तेही थांबलं होतं. आणि मे महिन्यात ९.४. फेरिटिन ९.

रिपोर्ट बघून डॉक्टर बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, पोटातून नाही, थेट शिरेतून दिलेलं लोह सहा महिन्यांत संपलं. म्हणजे आत येत नाही एवढीच गोष्ट नाही, बाहेर जातंय. त्यांनी कागदावर मांडून दाखवलं. एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. अन्नातून शरीर दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच घेतं. म्हणजे रोज दोन चहाचे चमचे, दहाएक मिलिलिटर, रक्त आतल्या आत झिरपलं तरी हिशोब जुळत नाही, आणि एवढं रक्त डोळ्यांना दिसतही नाही. शौचातलं छुपं रक्त तपासलं होतं, तेव्हा नव्हतं. पण रोजच जातं असं नसतं, म्हणून एका तपासणीवर भरवसा ठेवता येत नाही. त्यात लोहाच्या गोळ्यांनी शौच काळंच होतं, त्यामुळे मी स्वतः बघून काय ओळखणार?

मग त्यांनी विचारलं, "दुसरी कुठली गोळी घेता?" मी नाही म्हटलं. आणि उठताना पाकीट काढायला पर्स उघडली तर त्यात पाठदुखीच्या गोळ्यांची पट्टी. सुलू, सहा वर्षं मी ती गोळी घेतेय. मेडिकलवाला ओळखीचा आहे, नाव न सांगताच काढून देतो. मला ती औषध वाटतच नव्हती, ओवा-बडीशेपेसारखी पर्समध्ये असायची. त्या गोळ्यांनी जठराला आणि लहान आतड्यालाही जखमा होतात म्हणे. लहान आतडं सहा मीटरच्या आसपास लांब, दुर्बीण त्याच्या सुरुवातीपर्यंतच पोचते. आजवर ज्यांनी ज्यांनी तपासलं त्यांना मी हे सांगितलं नव्हतं, कारण मला वाटलं नव्हतं की सांगायची गोष्ट आहे. तुझीही कंबर दुखते. तू कुठली गोळी घेतेस ते आज बघ.

ती गोळी मेपासून बंद आहे. लोहाची गोळी सकाळी उपाशीपोटी लिंबाच्या सरबताबरोबर घेते, जेवणानंतरचा चहा सोडला. तरी परवा आकडा ८.९ आलाय.

आता जे लिहायला एवढं पत्र लागलं ते. डॉक्टरांनी डिसेंबरातच खालूनही दुर्बीण घालायला सांगितलं होतं. मोठ्या आतड्याची. मी टाळलं. शाळेचं कारण सांगितलं, परीक्षांचं सांगितलं. खरं कारण माझे मामा. त्यांनाही आधी नुसती धाप लागायची, चेहरा पांढरा पडलेला, आणि सगळे म्हणायचे वय झालं. आतड्याचा कॅन्सर निघाला तेव्हा उशीर झाला होता. उजव्या बाजूला असला तर कधी कधी बाकी काही दिसत नाही, रक्त तेवढं कमी होत जातं, हे डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं. लपवलं नाही म्हणून त्यांच्यावर माझा विश्वास बसला, आणि म्हणूनच सात महिने मी त्या कागदाला हात लावला नाही. दमायची मला सवय झालीय गं. कारण काय ते माहीत नसण्याचीही होत आली होती. पण रात्री जाग आली की मामांचा हात डोळ्यांपुढे येतो, नखं पांढरीफटक. मग दिवा लावून मी माझी नखं बघते. चपटी झालीत, मधे खोलगट.

तपासणी मुंबईला करायची ठरलीय, ६ ऑगस्टला. तिथे काही निघालं नाही तर लहान आतड्यासाठी कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळायची सोय आहे. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध प्यायचं असतं आणि तो सगळा दिवस बाथरूमजवळ काढावा लागतो, म्हणून ४ तारखेला मांडवी एक्स्प्रेसने निघते. पावसाळी वेळापत्रक आहे, ठाण्याला पोचेपर्यंत रात्र होईल. ह्यांना यायचंय, पण सासूबाईंना एकटं ठेवता येत नाही. आणि खरं सांगू, त्या खोलीच्या बाहेर ह्यांच्यापेक्षा मला तू हवी आहेस. ह्यांच्यासमोर मला धीर धरावा लागेल. तुझ्यासमोर नाही लागणार.

५ आणि ६ ची रजा टाकशील का? जमत नसेल तर तसं स्पष्ट कळव, मी रागावणार नाही, पण लवकर कळव. स्टेशनवर तू आलीस तर बरं, जिना मला एका दमात चढवत नाही. बॅग हलकीच ठेवते. आमसुलं आणि कुळथाचं पीठ तेवढं आणते तुझ्यासाठी, बाकी काही सांगू नकोस.

तुझी,
शैला