बाबा, रविवारच्या फोनबद्दल

नागपूर
शनिवार, रात्री साडेदहा

प्रिय आई आणि बाबा,

सप्रेम सलाम.

रविवारी फोनवर बाबा म्हणाले, "तुमचं ते चर्च आहे की समाजकल्याण खातं?" मी काही बोलायच्या आत फोन आईच्या हातात गेला आणि आईने विषय लोणच्याच्या कैऱ्यांवर नेला. आई, तू तुझ्या परीने मिटवलंस, पण प्रश्न होता तिथेच राहिला. फोनवर मला बाबांशी कधीच नीट बोलता येत नाही. त्यांनी नुसतं "बरं" म्हटलं की मला माझा दहावीचा निकाल आठवतो. म्हणून हे पत्र. बाबांनी चष्मा लावून स्वतः वाचावं, तू वाचून दाखवू नकोस, कारण तू मधलं गाळशील.

मावशीने तुम्हाला काय सांगितलं असेल याचा मला अंदाज आहे. हॉलमध्ये कोणीही येऊन झोपतं, भजनाला एक तृतीयपंथी ढोलक वाजवते, आणि पाळकबाई उपदेशात येशूपेक्षा रेशनकार्डाबद्दल जास्त बोलतात. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तिसरी मावशीने थोडी फुगवली आहे, पण अगदीच खोटी नाही.

रेशनकार्डापासूनच सांगते.

दर शुक्रवारी संध्याकाळी आमच्या मंडळीतले आठ-दहा जण एका मोठ्या सरकारी दवाखान्याबाहेर जेवण घेऊन जातात. तिथे गडचिरोलीपासून बालाघाट-छिंदवाड्यापर्यंतची माणसं येतात. पेशंट आत वॉर्डात, आणि त्याचे दोघं-तिघं नातलग बाहेर झाडाखाली, पिशवी उशाला घेऊन. कोणी आठ दिवस, कोणी महिनाभर. आम्ही बारा किलो तांदळाची खिचडी न्यायचो आणि पहिलं वर्षभर स्वतःवर फार खूश होतो. मग एका बाईने ताट हातात घेता घेता विचारलं, "ताई, मोबाइल कुठं चार्ज होईल?" तिच्या नवऱ्याला रक्त लागणार होतं, गावाकडून तिघं यायला निघाले होते, आणि तिचा फोन सकाळपासून बंद होता. ते तिघं स्टेशनवर उतरून कोणाला विचारणार?

बाबा, वर्षभर आम्ही खिचडीत मीठ कमी की जास्त यावर मीटिंगा घेतल्या, आणि तुम्हाला काय हवंय हे त्या माणसांना एकदाही विचारलं नव्हतं.

आता आम्ही एक लांब वायर आणि सहा पिनांचा बोर्ड नेतो. लाइट समोरच्या चहावाल्याची. तो पैसे घेत नाही, पण आम्ही चहा त्याच्याकडेच प्यायचा, दुसरीकडे नाही, एवढी त्याची अट आहे. खिचडीची रांग पाच मिनिटांत संपते. चार्जिंगला माणूस अर्धा तास बसतो, आणि बसला की बोलतो. असंच एकदा भंडाऱ्याकडचा एक शेतकरी बोलत बसला होता. मुलाच्या ऑपरेशनसाठी त्याने बैल विकला होता. मोफत उपचारांच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं नाव त्याने ऐकलं होतं, पण रेशनकार्ड गावी राहिलं होतं, आणि दवाखान्यात 'आरोग्यमित्र' नावाचा माणूस बसतो, त्याच्याकडे जायचं असतं, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. गावाहून भावाने कार्डाचा फोटो पाठवला तेव्हा काम सुरू झालं. बैल काही परत आला नाही.

त्या रविवारी पाळकबाईंनी मत्तयचा पंचविसावा अध्याय घेतला. मी भुकेला होतो, आजारी होतो, परका होतो, तो भाग. आणि म्हणाल्या, पुढच्या शुक्रवारी येताना प्रत्येकाने एक पेन आणा. मावशीला ऐकू आला तो 'रेशनकार्डाचा उपदेश' हाच.

त्यानंतर आम्हीही शिकलो. धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात तसं कलम आहे, 41 कक. इतकी वर्षं अशा रुग्णालयांवरून जाता-येता मला हे ठाऊक नव्हतं. मात्र तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि अर्ज असा लिहावा लागतो की काउंटरवरच्या माणसाला तो बाजूला ठेवता येऊ नये. याबद्दल शेवटी मला तुमच्याकडे एक मागणं आहे.

हॉलचं थोडक्यात सांगते. नागपुरात डिसेंबरात पारा कधी कधी दहाच्याही खाली उतरतो, हे तुम्हाला नगरला बसून खरं वाटणार नाही, कारण तुमच्या डोक्यात आमचा फक्त मे महिना. बाहेर झोपणाऱ्या बायकांसाठी रात्री हॉल उघडायचा का, यावर कमिटी तीन तास बसली. बाथरूम कोण धुणार, चोरी झाली तर जबाबदार कोण, जाजमं खराब होतील. शेवटी महिला मंडळातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाई, ज्या कमिटीत कधी तोंड उघडत नाहीत, म्हणाल्या, "जाजमं मी धुऊन राहिली ना तीस वर्षांपासून? मग?" त्यावर कोणाला काही सुचलं नाही. (मीही आता 'करून राहिली', 'येऊन राहिली' बोलते. आई हसेल.)

एक चूक माझी आहे, ती मावशीकडून कळण्यापेक्षा माझ्याकडूनच कळावी. पहिल्या हिवाळ्यात मी हॉलमध्ये जेवत बसलेल्या एका आजीचा फोटो काढला आणि मंडळीच्या ग्रुपवर टाकला. खाली हात जोडलेले पन्नास इमोजी आले. तिसऱ्या दिवशी तिचा मुलगा मला शोधत आला. फोटो फिरत फिरत त्यांच्या गावात पोचला होता. तो म्हणाला, "मॅडम, आमच्या घरी चार एकर आहे. माझी आई भीक मागून खाते असं गावाला वाटलं." आवाज चढवला नाही त्याने. मी ग्रुपवरून फोटो काढला, पण गावातून तो कसा काढणार? तेव्हापासून शुक्रवारी कॅमेरा बंद, हा नियम झाला. त्याला माझं नाव देत नाहीत, ही मंडळीची कृपा.

दुसरा नियम तुम्हाला आवडणार नाही. जेवणासोबत पत्रक द्यायचं नाही. कोणी विचारलं, तुम्ही कोण, तर सांगायचं की आम्ही ख्रिस्ती आहोत, अमुक चर्चचे. आपणहून काही वाटायचं नाही. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात तेव्हा आमची पाणपोई असते, तिथेही हेच. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी आपल्या माणसांना जे दिलं ते आठवायला आलेल्या माणसाच्या हातात मी पाण्यासोबत माझा कागद सरकवावा, हे मला बरं दिसत नाही. तुम्ही म्हणाल, मग साक्ष कुठे राहिली? बाबा, ज्याचं मूल आत ऑक्सिजनवर आहे तो कशालाही हो म्हणेल. तसला होकार मला नको, आणि मला नाही वाटत प्रभूलाही हवा असेल.

आणि हे बाहेरून आणलेलं खूळ नाही. पंडिता रमाबाईंच्या गोष्टी तुम्हीच सांगायचात. 1896-97 च्या दुष्काळात त्या इकडे मध्य प्रांतात येऊन उपाशी बायका-मुलींना घेऊन गेल्या, ते समाजकल्याण खातं होतं का?

आता ढोलकवालीकडे येते. रागावू नका, एक आठवण आहे. मी सातवीत होते. संडे स्कूलमध्ये तुम्ही प्रेषितांच्या कृत्यांतला आठवा अध्याय शिकवत होतात, फिलिप्प आणि तो रथात बसलेला कूशी अधिकारी. तुम्ही काय सुंदर सांगायचात ते! रथाची धूळ दिसायची. पण तुमच्या तोंडी तो नेहमी नुसता 'अधिकारी' असायचा. मी शास्त्र उघडून बघितलं तर तिथे 'षंढ' लिहिलेलं. मी हात वर करून अर्थ विचारला. तुम्ही म्हणालात, "पुढे वाच."

मी पुढे वाचलं, बाबा. पुढे तो पाणी बघून विचारतो की मला बाप्तिस्मा घ्यायला काय हरकत आहे? फिलिप्पने कमिटी बोलावली नाही. दोघंही पाण्यात उतरले.

आमच्याकडे ती पहिल्यांदा आली तेव्हा शेवटच्या बाकावर बसली. दोन कुटुंबांनी आपले बाक बदलले, त्यातलं एक नंतर मंडळीच सोडून गेलं, आणि त्यांचं दान मोठं होतं, हेही खरं. मग नाताळच्या तयारीत कोणीतरी तिच्याकडे ढोलक दिला. रेव्हरंड टिळकांची भजनं आमच्याकडे इतकी वर्षं पेटीवर रेंगाळत चालायची, आता त्यांना ठेका मिळाला. तिचे कागद करायला मी तिच्यासोबत फिरते. 2014 साली सुप्रीम कोर्टाने ओळख मान्य केली, 2019 चा कायदा आला, जिल्हाधिकाऱ्यांकडून प्रमाणपत्र मिळतं, सगळं खरं. पण जुन्या कागदांवर जुनं नाव, आणि ते कागद ज्या घरात आहेत त्या घराने तिला सोळाव्या वर्षी बाहेर काढलेलं. तिने एकदा मला विचारलं, तुझे बाबा काय म्हणतात? मी सांगितलं, ते नगरला असतात. उत्तर टाळायला मी तुमच्याकडूनच शिकले आहे.

बाबा, आणखी एक विषय आहे ज्यावर आपण घरात कधीच बोललो नाही. येत्या 10 ऑगस्टला आम्ही काळ्या फिती लावणार आहोत. 1950 साली त्याच तारखेला राष्ट्रपतींचा आदेश निघाला की अनुसूचित जाती फक्त हिंदूंमध्ये धरायच्या. 1956 मध्ये शिखांना आत घेतलं, 1990 मध्ये बौद्धांना. आपण ख्रिस्ती अजून बाहेरच. आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ एकाच अंगणात वाढले. धाकटे बौद्ध झाले, आजोबा ख्रिस्ती राहिले. चुलतभावंडांना जे आरक्षण मिळालं त्याबद्दल माझ्या मनात काही नाही, ते त्यांच्या हक्काचं होतं. पण माझा प्रवेश हुकला त्या दिवशी तुम्ही काही बोलला नाहीत. कपाटातून घरातले सगळे दाखले काढलेत, पुसलेत, आणि पुन्हा त्याच फायलीत तारखेनुसार लावून ठेवलेत. मी दारातून बघत होते. तुम्हाला ते माहीत नाही.

तुमचं एक म्हणणं मात्र मला टोचलं, कारण ते खरं आहे. "धावपळीत प्रार्थना राहत असेल." राहते. शुक्रवारी रात्री अकराला घरी येते, हाताला खिचडीचा वास, आणि तशीच झोपते. कधी कधी वाटतं की मी रांगेतल्या माणसांना ओळखायला लागले आणि ज्याच्यासाठी म्हणून सुरू केलं त्याच्याशी बोलणं कमी झालं. पाळकबाईंना सांगितलं तर त्यांनीही उपाय सांगितला नाही, त्या म्हणाल्या, "माझंही तेच."

तुम्ही 1970 च्या 29 नोव्हेंबरला नागपूरला आला होतात. मनमाडला गाडी बदलून, तीन मित्र, एक वळकटी. सहा वेगवेगळ्या मंडळ्या एक होऊन उत्तर भारताची मंडळी झाली, तो दिवस. परवा मी सदरमध्ये ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात उभी होते आणि तुम्ही विशीत इथे कुठे उभे असाल याचा अंदाज करत होते. तेव्हा तुमच्या वडिलांनी तुम्हाला विचारलं होतं ना, की हे बाप्तिस्ट आणि अँग्लिकन एका ताटात कसे जेवणार? तुम्ही काय उत्तर दिलं होतंत, ते सांगायला या.

आणि आता मागणं. आम्हाला अर्जाचे चांगले नमुने हवे आहेत. धर्मादाय रुग्णालयासाठी एक, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी एक, रेशनकार्डात नाव चढवण्यासाठी एक. इंटरनेटवरचे मी बघितले, त्यांची भाषा अशी की लिहिणाऱ्यालाच कळत नाही आपण काय मागतोय. तुम्ही शाळेत असताना अर्धा गाव तुमच्याकडून अर्ज लिहून न्यायचा आणि तुमचा अर्ज परत आलेला मला आठवत नाही. तुमच्याच अक्षरात लिहा, आम्ही झेरॉक्स काढू. 'विनंती' दोनदा लिहू नका. तो हक्क आहे, एकदा पुरे.

नोव्हेंबरात महाराष्ट्र एक्सप्रेसची तिकिटं काढते, दोन्ही खालचे बर्थ. शुक्रवारी माझ्यासोबत यायचं की घरी बसायचं हे तुमचं तुम्ही ठरवा.

आई, माडीवर ते मोठं पातेलं आहे, माझ्या लग्नात वरणाला काढलेलं, एका बाजूला पोचा आलेलं. बारा किलोला आमचं पुरत नाही, दोनदा शिजवावं लागतं. येताना आणता आलं तर बघ. कल्हई इथे करून घेईन. लोणचं त्याच्यातच ठेवून आण, म्हणजे जागा वाया जाणार नाही.

तुमची,
बेबी