वहीत नसलेली पोर

निपाणी, जि. बेळगाव
रविवार, संध्याकाळ

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत 2030 पर्यंत जगातली गरिबी संपवायची असं लिहून ठेवलंय आणि आम्ही इथं बेंगळूरला बसून नुसते तक्ते भरतोय. कशाला ही उद्दिष्टं?" मी तेव्हा काही बोलले नाही. पण रात्री झोप लागली नाही. जे सांगायचंय ते फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते.

तुझ्या तक्त्यातले थोडे आकडे माझ्या अंगणवाडीच्या वहीतून निघतात. 28 वर्षं मी पोरांची वजनं करते. आधी झोळीचा काटा आढ्याला टांगून करायचे, आता सपाट काट्यावर. आधी वही होती, आता मोबाइल आला. वरून येणारा प्रत्येक कागद कन्नडमधला, तो वाचायला मी तुझ्याबरोबरच शिकले, तू पहिलीत होतीस तेव्हा. त्यामुळं आकडा कुठं जन्मतो हे मी तुझ्यापेक्षा जवळून पाहिलंय.

तू धाडलेला त्या उद्दिष्टांचा मराठी कागद मी दोनदा वाचला. 17 उद्दिष्टं, 169 लक्ष्यं. ती ठरवायला 30 खुर्च्यांचा गट बसवला होता आणि भारत, पाकिस्तान, श्रीलंका तिघांना मिळून एक खुर्ची होती, हे तू सांगितलंस तेव्हा मला फार बरं वाटलं. आपण सीमेवरची माणसं. एका खुर्चीत दोघं बसू शकतात ही गोष्ट आपल्याला कुणीतरी सांगावी लागते.

त्याआधी 2000 साली 8 उद्दिष्टं होती. अति गरीब माणसांचं प्रमाण 2015 पर्यंत निम्मं करायचं, असं त्यातलं पहिलं. ते 2010 लाच साधलं, बरंचसं चीनमुळं. निम्मं म्हटलं की असंच होतं बघ. रस्त्याकडेची, हाताला लागणारी निम्मी माणसं आधी वर येतात आणि हिशेब जुळतो. 2015 च्या सप्टेंबरात 193 देशांनी निम्म्यावर न थांबता शेवट करायचं कबूल केलं. त्यात लिहिलंय, सगळ्यात मागे राहिलेल्यांपर्यंत आधी पोचायचं. शेवट म्हणजे शून्य. शून्य लिहायचं तर एकूण एक माणूस आधी मोजलेलं पाहिजे.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते.

त्याच वर्षीचा डिसेंबर. तू दहावीत होतीस. बीडकडची ऊसतोडीची टोळी आपल्या ओढ्याकडेला उतरली होती, 12 कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या. मी गरोदर बायका विचारायला गेले होते. एका कोपीत दोनेक वर्षांची पोर चिपाडावर बसली होती. आई-बाप पहाटेच फडात गेलेले. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, त्यात पोराला सांभाळणारं कोण? थोरली बहीण सात वर्षांची, तीच आई झालेली. मी पोरीच्या दंडाला पट्टी लावली. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली असला की लाल, म्हणजे अतितीव्र कुपोषण. ती पार लालात होती.

मी नाव लिहून घेतलं. महिन्याच्या बैठकीत वरच्या बाई म्हणाल्या, "ती तिकडची. तिकडच्या वहीत असेल. आपल्यात घातलीस तर आपला आकडा बिघडतो." मी ते पान अहवालात लावलं नाही. त्या महिन्यात माझ्या केंद्रात अतितीव्र कुपोषित शून्य. बैठकीत माझं कौतुक झालं. मनू, ते कौतुक मी घेतलं.

तिकडच्या वहीत ती 'गैरहजर' असणार. दोन राज्यांच्या दोन वह्या, आणि पोर सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावरून ट्रॅक्टरमधनं अलीकडं आलेली. दिवाळीपासून मार्चपर्यंत ती कुठल्याच जिल्ह्याची नव्हती. गैरहजर पोरांची अंडी उरली की मी नेऊन देत होते, तेवढंच. मार्चमध्ये टोळी गेली. पुढं तिचं काय झालं मला कळलं नाही.

आणि त्याच कोपीत जानेवारीत मी पोलिओचे डोस घेऊन गेले होते. तेव्हा कुणी विचारलं नाही, पोर कुठली. साखर कारखान्याचा तळ, वीटभट्टी, बसस्टँड, जिथं पोर दिसेल तिथं दोन थेंब आणि करंगळीवर शाई. त्याच पोरीच्या करंगळीला मी शाई लावली. देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 चा. ते शून्य खरं निघालं, कारण ते कोपीत जाऊन मोजलं होतं. माझं शून्य टेबलावर झालं.

म्हणून उद्दिष्टं कशाला, असं म्हणू नकोस. 2024 च्या अहवालात, मोजता आलेल्या लक्ष्यांपैकी जेमतेम 17 टक्के मार्गावर होती, हे तूच सांगितलंस. मला त्या आकड्याची भीती वाटत नाही. कमी आकडा खरा असला तर त्यावर भांडता येतं. गरिबीच्या रेघेचंही तसंच. कागदात माणशी दिवसाला सव्वा डॉलर, आता जागतिक बँक 3 डॉलर धरते. ठीक, रेघ लागतेच. पण मुकादमाकडून उचल घेतलेल्या घरात दिवाळीला पैसा दिसतो, आणि तो पैसा म्हणजे सहा महिन्यांचं अंग गहाण टाकलेलं असतं. ते तुमच्या कुठल्या रकान्यात बसतं, एकदा बघून सांग.

आता मोबाइलात स्थलांतराची नोंद करता येते, ही मोठी सोय झाली. पण कोपीतल्या बाईला तिकडं आपलं नाव कुठल्या केंद्रात आहे तेच सांगता येत नाही, आणि ती अंधार पडल्याशिवाय भेटत नाही. म्हणून मी संध्याकाळी जाते. त्या वर्षानंतर मी एक वेगळी वही ठेवलीय, नुसती कोप्यांची. नाव, वय, दंड, कुठून आले, कधी गेले. ती कुणी मागत नाही. तुझ्या साहेबांना तू एवढंच विचार की जिल्ह्याच्या तक्त्यात वजन न झालेली पोरं किती, हा रकाना का नाही.

दिवाळीला येशील तेव्हा टोळ्या उतरलेल्या असतील. दोन दिवस जास्त राहा आणि माझ्याबरोबर ओढ्याकडं चल. काटा आता मला एकटीला उचलत नाही.

तुझी
आई