अण्णा, त्या शेवंडीच्या कागदावर सही करायच्या आधी

प्रिय आई आणि अण्णा,

साष्टांग नमस्कार. काल फोनवर धड बोलणं झालंच नाही, अण्णांना ऐकू कमी येतं आणि मी लोकलमध्ये उभी, म्हणून लिहितेय. पंकजला सांगितलंय मोठ्या अक्षरात प्रिंट काढून दे म्हणून, आई तू वाचून दाखव, घाई न करता.

विषय त्या लॉबस्टर, म्हणजे शेवंड, पाळायच्या कराराच्या कागदाचा. पंकजने व्हॉट्सॲपवर आठही पानं पाठवली, रात्री बसून सगळी वाचली. खालच्या वावरात शेततळं खोदायचं, बियाणं, म्हणजे पिल्लं, ती योजनावाली माणसं देणार, खाद्य तेच देणार, दीड वर्षात माल तयार, माल तेच उचलणार, आणि आपण आधी साडेचार लाख भरायचे.

खरं सांगू का, मला पहिल्यांदा आठवली ती अण्णांच्या गळ्यातली माळ. नऊ वर्षांपूर्वी मी तळोज्याला मासळी एक्सपोर्टच्या कंपनीत लागले तेव्हा आई आठ दिवस माझ्याशी नीट बोलली नव्हती, गावात अजूनही तुम्ही 'पोरगी एक्सपोर्टमध्ये आहे' एवढंच सांगता, कशाचं ते सांगत नाही, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पण त्याच घरात अण्णा हा विचार करतात म्हणजे केळीने तुम्हाला किती टेकीला आणलंय ते मला त्या आठ पानांवरून कळलं. एकदा सीएमव्ही रोगाने खोडं उपटून बांधावर टाकली, मग निसवलेली बाग वादळात एका रात्रीत आडवी झाली. मी फोनवर 'होईल नीट' म्हणत राहिले, पैसे किती अडकलेत ते कधी विचारलंच नाही. ते माझं चुकलं.

तर आता अण्णांचा प्रश्न. 'बेटा, याचा भाव कोन ठरवतं?' हाच प्रश्न बरोबर आहे आणि त्या आठ पानांत नेमकं त्याचंच उत्तर नाहीये.

आधी हे काय आहे ते सांगते. लॉबस्टर म्हणजे कोकणात ज्याला शेवंड म्हणतात ती. कागदावरच्या फोटोत दोन मोठ्या निळसर नांग्या आहेत आणि नांगीवर लाल डाग. आपल्या समुद्रातल्या शेवंडीला अशा नांग्याच नसतात, लांब काटेरी मिशा असतात. मोठ्या नांग्यांची असते ती अमेरिका-कॅनडाच्या थंड समुद्रातली. आणि ही लाल डागवाली तिसरीच, मूळची ऑस्ट्रेलियातल्या नद्यानाल्यांतली गोड्या पाण्यातली, तिला रेडक्लॉ म्हणतात, बाजारात ती वेगळा माल म्हणून विकली जाते. कागदावर फोटो तिचा छापलाय आणि खाली जो किलोचा भाव लिहिलाय तो समुद्रातल्या जिवंत शेवंडीचा आहे. हे पाहूनच माझ्या पोटात गोळा आला.

आता माल येतो कुठून. जगात जेवढी शेवंड पकडली जाते तिच्यातली निम्म्याच्या आसपास एकट्या कॅनडा आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची असते, बाकी मग क्युबा, बहामा, ब्राझील, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका असं विखुरलेलं. अमेरिकेत मेन नावाचं राज्य आहे, आपल्याकडे रावेर-यावल म्हटलं की केळी तसं तिकडे मेन म्हटलं की लॉबस्टर. त्यांनी २०१६ साली वजनाने १३ कोटी पाउंडांच्या वर माल काढला होता (एक पाउंड म्हणजे अर्ध्या किलोपेक्षा थोडं कमी), २०२४ ला तो साडेआठ कोटींच्या आसपास आला. तिथला समुद्र तापतोय, आणखी दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर तर धंदा आधीच बसलाय. आणि ही सगळी पकडलेली शेवंड, पिंजरे टाकून, एकेका माणसाला ८०० पिंजऱ्यांची मर्यादा. आई, एक गोष्ट तुला आवडेल, तिथले लोक अंडी असलेली मादी सापडली की तिच्या शेपटीला छोटी खाच पाडून परत पाण्यात सोडतात, पुढे कुणाच्याही पिंजऱ्यात ती आली तरी खाच दिसली की सोडायचीच, अंडी असोत नसोत. फार लहानही ठेवायची नाही आणि फार मोठीही नाही. एक पाउंडाची व्हायला तिला सहा-सात वर्षं लागतात, आणि आपल्या कागदावर दीड वर्ष लिहिलंय. आपल्या उबदार समुद्रातली जरा लवकर वाढते हे खरं, पण कागदावरचा फोटो त्या जातीचा नाहीच.

भावाचं असं आहे. मेनच्या मच्छीमाराला २०२१ मध्ये पाउंडाला सरासरी ६ डॉलर ७१ सेंट मिळाले, तोवरचा सगळ्यात चांगला भाव. दुसऱ्याच वर्षी तो ४ डॉलरवर आला. बोट तीच, पिंजरे तेच, डिझेल उलट महागलं. अण्णा, तुम्ही सकाळी उठून बऱ्हाणपूरचा बोर्ड, म्हणजे केळीचा भाव, काय निघाला ते विचारता ना, तसाच हा बोर्ड आहे, फक्त तो कुठल्या एका गावात नाही, चीनमध्ये लग्नं आणि नवं वर्ष कधी आहे, विमानात जागा आहे का, आणि कुठल्या सरकारने कुणावर कर लावला यावर तो हलतो.

चिनी भाषेत तिचं नावच ड्रॅगन-झिंगा असं आहे, शिजली की लालभडक होते, लाल म्हणजे शुभ, म्हणून त्यांच्या नव्या वर्षाला, लग्नात ताटात ती लागतेच आणि जिवंतच आणलेली लागते. म्हणून भाव चढला. पण एकाच गिऱ्हाईकावर सगळे टेकले की काय होतं बघा. २०१८ च्या जुलैत चीनने अमेरिकेच्या लॉबस्टरवर २५ टक्के जादा कर लावला, गिऱ्हाईक उठून कॅनडाकडे गेलं. २०२० च्या जानेवारीत, ऐन त्यांच्या नव्या वर्षात, करोना आला आणि ऑर्डरी रातोरात बंद, न्यूझीलंडमध्ये पकडलेली शेवंड परत समुद्रात सोडायला सरकारला परवानगी द्यावी लागली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियाचा माल चीनने अडवला, त्यांचा ९० टक्क्यांच्या वर माल तिकडेच जायचा, चार वर्षं लोक बसून राहिले, २०२४ च्या डिसेंबरात दार उघडलं. आणि २०२५ च्या मार्चमध्ये कॅनडाच्याच मालावर २५ टक्के. म्हणजे आधी ज्याचा फायदा झाला तोच पुढे मारला गेला. या सगळ्यांकडे स्वतःच्या बोटी, टाक्या, गोदामं, पाठीशी सरकार होतं, तरी हे हाल. आपल्याकडे काय असणार, एक शेततळं आणि एका कागदावर 'माल आम्ही उचलू' एवढं वाक्य.

आपल्या देशाचं म्हणाल तर २०२४-२५ मध्ये भारतातून ६२,४०८ कोटींची मासळी बाहेर गेली, जवळजवळ १७ लाख टन, आणि त्यात दोन तृतीयांशाच्या वर पैसा एकट्या गोठवलेल्या कोळंबीचा. शेवंड त्यात अगदी थोडी. आमच्याकडे ससून डॉकहून, कधी गुजरातकडून येते, ती पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा नाही. तिलाही नियम आहेत, २००३ पासून सरकारने एक्सपोर्टसाठी वजन ठरवून दिलंय, आपल्या बाजूला जी जास्त मिळते ती ३०० ग्रॅमच्या आतली असेल तर पाठवता येत नाही. हा नियम उगाच आला नाही. मुंबईच्या समुद्रात एक चपटी, फावड्यासारख्या तोंडाची जात भरपूर मिळायची, ट्रॉलरने अंड्यांच्या माद्यांसकट उपसली आणि १९९४ पर्यंत ती जवळपास संपली. आमचे जुने सुपरवायझर अजून तिच्या टोपल्यांबद्दल बोलतात.

आणि जिवंत माल पाठवणं म्हणजे काय ते मी डोळ्यांनी बघते. थंड पाण्यात हळूहळू सुस्त करायची, मग थर्माकोलच्या खोक्यात गार लाकडी भुशात एकेक ठेवायची, जेल आइस, झाकण, टेप, आणि तिथून घड्याळ सुरू, दीड दिवसाच्या आत पलीकडे पाण्यात पडली पाहिजे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात एक विमान सात तास लेट झालं, खोकी शेडमध्ये उन्हात राहिली, कागद सगळे मी केलेले, एक अक्षर चुकलं नव्हतं, आणि पलीकडून फोटो आले, निम्मी मेलेली. मेलेल्या शेवंडीला जिवंतचा भाव कुणी देत नाही. ज्या कोळ्याने ती आणून दिली त्याच्याही पैशात कापाकापी झाली, तो गेटवर येऊन काही न बोलता उभा राहिला होता, ते अजून डोळ्यासमोर येतं. रावेरहून विमानतळ किती तास हे तुम्हीच सांगा.

पण समजा हेही जमलं, तरी मुख्य गोष्ट वेगळीच आहे. बियाणं. शेवंडीचं पिल्लू अंड्यातून निघतं ते शेवंडीसारखं दिसतच नाही, काचेसारखं पारदर्शक, पानासारखं चपटं, आणि तसं ते कित्येक महिने खोल समुद्रात वाहत राहतं, रूप पालटत पालटत, मग कुठे किनाऱ्याकडे येतं. हे सगळं टाकीत घडवून आणायला ऑस्ट्रेलियात टास्मानिया विद्यापीठाच्या लोकांनी वीसेक वर्षं घातली. व्हिएतनाममध्ये शेवंड पाळतात हे खरंय, पण समुद्राच्या खाडीत पिंजरे टाकून, आणि पिल्लं पाळणाऱ्यांकडे तयार होत नाहीत, समुद्रातूनच धरून आणतात. त्या बोटाएवढ्या पिल्लांना इतका पैसा आहे की इंडोनेशियात त्यांच्या निर्यातीच्या लाच प्रकरणात २०२० साली खुद्द मत्स्यमंत्र्यांना अटक झाली आणि पुढे शिक्षाही. जिथे पिल्लू इतकं मोलाचं आहे तिथे रावेर तालुक्यात गोड्या पाण्याच्या तळ्यासाठी ते कुठून आणणार? त्या माणसाला एवढंच विचारा, बियाणं कुठल्या हॅचरीचं, म्हणजे पिल्लं कुठे तयार केलेली, तिचा परवाना दाखवा, आणि आमच्या बोअरच्या पाण्यात समुद्राचं मीठ कोण टाकणार.

तो म्हणेल ही गोड्या पाण्यातली आहे. गोड्या पाण्यातला मोठा झिंगा असतो, स्कँपी म्हणतात, तो आपल्या देशात पाळतात, २००५ च्या सुमारास आंध्रात त्याची चलती होती. मग बियाणं खराब निघत गेलं, वाढ खुंटली, पुढे २००९ ला व्हेनामी नावाच्या परदेशी कोळंबीला परवानगी मिळाल्यावर लोक तिकडे वळले. आपली जुनी केळी सोडून सगळे टिश्यूकल्चरकडे वळले तेव्हा रोपं कुठली आणि कशी यावर सगळं वर्ष अवलंबून असायचं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहितीय. आणि त्या कोळंबीचं तरी काय, २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने ५० टक्के कर लावला तेव्हा आमच्याकडे दोन शिफ्टची एक झाली, ओडिशाच्या पोरी गावी परत गेल्या, माझा पगार दोन महिने उशिरा आला. तेव्हा तुम्हाला सांगितलं नव्हतं, आता सांगतेय.

मग संधी कशात आहे, पंकजने विचारलं होतं. तो मेहनती आहे, डिप्लोमा झालाय, घरात बसून कुढतोय म्हणून तो या कागदावर भुलला, त्याला रागावू नका. मला जे दिसतं ते सांगते. न्हावाशेवाला आमचा उणे १८ डिग्रीचा कंटेनर उभा असतो त्याच्या शेजारी कितीदा केळीचा कंटेनर असतो, १३ डिग्रीवर, आखातात जाणारा. एकदा मी मुद्दाम कागद बघितला, माल आपल्याच पट्ट्यातला होता, उभी राहून दोन मिनिटं बघत बसले. लॉबस्टरच्या धंद्यात खरा पैसा राखतो तो टाकी, बर्फ आणि वेळ ज्याच्या हातात आहे तो, कारण भाव पडला की तो चार दिवस थांबू शकतो. केळीतही तेच आहे, घड कापला की शेतकऱ्याला थांबताच येत नाही, व्यापारी बोर्डाच्या खाली मागतो आणि आपण देतो. सावद्याकडे पॅकहाऊस आहेत, पंकजने तिथे सहा महिने काम करावं, फण्या धुणं, ग्रेडिंग, प्रीकूलिंग, कंटेनर भरणं सगळं हाताने शिकावं, एक्सपोर्टचे कागद मी शिकवते, ते मला झोपेतही येतात. लगेच मोठा पैसा नाही मिळणार. पण साडेचार लाख भरायचे नाहीत.

कॅनडातली एक गोष्ट पण त्याला वाचून दाखव आई. तिकडचे मूळ आदिवासी, मिकमाक लोक, पिढ्यानपिढ्या किनाऱ्यावर राहून धंद्यात बाहेरच राहिले होते, त्यांच्या काही गटांनी एकत्र येऊन २०२१ साली क्लिअरवॉटर नावाच्या भल्यामोठ्या मासळी कंपनीचा अर्धा हिस्सा विकत घेतला. ते वाचलं तेव्हा मला नवापूरकडचे उकाईच्या पाण्यावर जाळी टाकणारे आपले लोक आठवले. एकेकटा शेतकरी खड्डा खोदून बसतो त्यापेक्षा दहा जणांचं एक शीतगृह मला जास्त खरं वाटतं, आपल्या गल्लीतच चार केळीवाले आहेत, काकांशी बोलून बघा.

अण्णा, तुम्ही कुणाला शब्द दिला असेल तर त्याचं ओझं घेऊ नका, मी स्वतः त्यांच्याशी बोलेन. किती देणं आहे, सोसायटीचं किती, दागिने कुठे ठेवलेत, सगळं मला एका कागदावर लिहून ठेवा, लाजू नका, मी तुमचीच आहे. मी शनिवारी रात्री निघते, रविवारी सकाळी भुसावळला उतरेन, पंकजला गाडी घेऊन पाठवा. आई, तो कागद तू देवघरात माऊलींच्या फोटोमागे ठेवलाय म्हणालीस ना, तो तिथेच राहू दे, आणि पेन अण्णांच्या खिशातून काढून घे.

तुमची,
बेबी